कागदावर नसलेला दोष

खोटे बिघाड करणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम होतं. पगार मिळायचा तो शिकवण्याचा. पण वर्षातून एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी वर्कशॉपचं दार आतून लावून घ्यायचे आणि चोवीस चांगले वाजणारे रेडिओ एकेक करून बंद पाडायचे.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं, म्हणून आधी समजावून सांगते. साताऱ्यालगतच्या एका खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिक या ट्रेडला निदेशक होते. शाळेत ज्यांना शिक्षक म्हणतात त्यांना आमच्याकडे निदेशक म्हणतात, एवढाच फरक. दहावी झालेली मुलं दोन वर्षं शिकायची आणि शेवटी परीक्षा द्यायची. डॉक्टरकीच्या परीक्षेला खरे रोगी आणून बसवतात. आम्हाला ठरल्या दिवशी चोवीस नादुरुस्त रेडिओ कोण आणून देणार? म्हणून ते आम्हीच आजारी पाडायचे. प्रत्येक सेटमध्ये एक दोष. कुठल्या सेटमध्ये कुठला, ते एका कागदावर लिहायचं, पाकीट लाखेनं बंद करायचं आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या हातात द्यायचं. विद्यार्थ्यानं दोन तासांत दोष शोधायचा, कसा शोधला ते लिहायचं आणि सेट वाजवून दाखवायचा.

दोष घालायलाही हात लागतो. डोळ्यांनी दिसला तर परीक्षा कसली? रेडिओच्या आतल्या पट्टीला आम्ही बोर्ड म्हणतो. त्याच्या वरच्या बाजूला सुटे भाग, खालच्या बाजूला तांब्याच्या बारीक रेघा आणि सोल्डरचे जोड. रेझिस्टर नावाचा जो भाग असतो, त्याच्या पायांवर कधीकधी प्लास्टिकची नळी चढवलेली असते. ती नळी जरा वर सरकवायची, आतली तार कटरनं तोडायची, नळी परत खाली ओढायची. वरून सगळं जिथल्या तिथं आणि आत संबंध तुटलेला. हा माझा आवडता दोष होता. बोर्ड बाहेर काढावा लागत नाही, दोन मिनिटांत काम होतं. मग सेट चालू करून पाहायचा. वाजला नाही की कागदावर बरोबरची खूण.

मी मूळची सांगलीची. डिप्लोमा तिथंच केला, लग्न होऊन वाईला आले आणि रोज वाईहून एस.टी.नं जाऊन-येऊन नोकरी केली. रुजू झाले तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त मला येत होतं. हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण पुढं जे झालं त्यामुळं सांगावं लागतं. आमचा अभ्यासक्रम ट्रान्झिस्टर रेडिओपासून सुरू व्हायचा आणि काळ्यापांढऱ्या टीव्हीपाशी संपायचा. नव्वदीच्या सुरुवातीला गावोगाव गच्च्यांवर डिश दिसायला लागल्या, केबलच्या काळ्या वायरी या घरावरून त्या घरावर गेल्या, आणि माझ्या वर्गात येणारी मुलं येतानाच रंगीत टीव्ही उघडून आलेली असायची. मी तोवर एकदाही उघडला नव्हता. आमच्या घरी काळापांढराच होता.

त्या वर्षीच्या तुकडीत धनाजी होता. फलटणकडचा, बापाचा ऊस, आणि हा सुट्टीत गावच्या केबलवाल्याकडे काम करायचा. पहिल्याच आठवड्यात उभा राहिला.

"मॅडम, रिमोटचं बटन दाबलं की टीवीला कसं कळतंय, आवाज वाढवायचाय का चॅनल बदलायचंय? उजेड तर एकच जातोय, त्यो बी दिसत न्हाई."

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ते आपल्या अभ्यासक्रमात नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "बस रं धन्या खाली. अभ्यासक्रमात अजून रिमोटच न्हाई, तर बटन कुठनं यायचं?"

वर्ग हसला. मीही कोरडं हसले आणि फळ्याकडे वळले. "अभ्यासक्रमात नाही" हे वाक्य मी त्या आधीच्या दोन वर्षांत किती वेळा वापरलं असेल ते मलाच माहीत. फार सोयीचं वाक्य आहे. खोटं नसतं आणि तोंड झाकतं.

धनाजीनं पिच्छा सोडला नाही. एका शनिवारी म्हणाला, "मॅडम, उद्या आमच्या गावात डिश चढवतोय. या की बघाय." त्यात आमंत्रण किती आणि आव्हान किती, हे मला कळत होतं. मी गेले. खरं सांगायचं तर त्याच्या चुका काढायला गेले.

डिश त्यानं विकत आणलीच नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरकडून लोखंडी सांगाडा करून घेतला होता आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी ताणून बसवली होती. उपग्रह आग्नेयेकडे. डिश किती उचलायची ते मोजायला त्यानं कंपासपेटीतला कोनमापक काढला, त्याच्या मध्यावर दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लटकवला. दोरा ज्या आकड्यावर थांबेल तो कोन. भूमिती मीही शिकले होते, आणि कोनमापक असा धरता येतो हे मला तोवर सुचलं नव्हतं.

गच्चीवर धनाजी, खाली टीव्हीसमोर त्याचा चुलतभाऊ, आणि मधल्या जिन्यात अर्धी आळी.

"काय दिसतंय?"

"मुंग्याच हायत!"

धनाजीनं बोटभर डिश फिरवली.

"आता?"

"मुंग्याच! पर जरा जाड मुंग्या!"

तो नखाएवढं सरकवत होता. वर बघितलं तर नुसतं आकाश. पाखरूसुद्धा नव्हतं. हजारो मैलांवर काहीतरी लटकत होतं आणि हा अठरा वर्षांचा पोरगा पाना हातात घेऊन त्याला चाचपत होता. मग खालून एकदम ओरडा आला, "आली! बाई आली! बातम्या सांगाय लागलीय! लय झ्याक दिसतीय!"

धनाजीचे वडील चहा घेऊन वर आले. मला म्हणाले, "मॅडम, तुमी शिकवलं म्हनून बरं झालं बगा. न्हाईतर ह्ये कुठं शिकनार हुतं."

मी काही बोलायच्या आत धनाजी म्हणाला, "व्हय आबा, मॅडमनीच शिकवलं."

परतीच्या एस.टी.त मी ठरवलं की आता हे वाक्य बंद.

आमच्याकडे सोमवारी औद्योगिक वसाहतीची वीज बंद असायची. आठवड्याची सक्तीची सुट्टी. त्या दिवशी प्रात्यक्षिक होत नसे, मी वहीतलं काहीतरी उतरवून द्यायचे. त्या सोमवारी मी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हटलं, "धनाजी, तू रिमोटचं विचारलं होतंस. मला ते येत नाही. कोणाला येतं?"

निदेशकाच्या तोंडून "येत नाही" कोणी ऐकलं नव्हतं. मग एकानं हात वर केला, त्याचं अर्धं बरोबर निघालं, उरलेलं मी पुण्याहून पुस्तक आणून पुढच्या सोमवारी सांगितलं. तेव्हापासून सोमवार त्यांचा. आठवड्यात गावात कोणी काय उघडलं, काय बिघडवलं, काय जमलं ते सांगायचं, आणि मी बाकावर बसून लिहून घ्यायचं. दुसऱ्या ट्रेडचे निदेशक दारातून डोकावून जायचे. एकजण म्हणाले, "काय मॅडम, प्रवेश घेतला वाटतं?" मी म्हटलं, "हो, फी माफ आहे."

याच सोमवारांमध्ये मला सुजाता कळली.

आमच्या ट्रेडला आलेली ती पहिली मुलगी. वडूजजवळच्या एका गावची. वडिलांचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा: चार भोंगे, दोन अॅम्प्लिफायर, एक माइक. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मला वाटलं होतं, लाजाळू आहे. तसं काही नव्हतं. ती ऐकत असायची.

तिची सोमवारची पाळी आली तेव्हा तिनं जयंतीची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी चौदा एप्रिलला मिरवणूक निघायची वेळ झाली, ट्रॉलीवर बाबासाहेबांचा फोटो, निळे झेंडे, सगळी वस्ती नटून उभी, आणि अॅम्प्लिफायर बंद. वडील घामाघूम.

"मग मी म्हनलं, आप्पा, सरका. भोंग्याला कान लावला. आतनं बारीक सूं येत हुतं. म्हंजे म्होरलं सगळं जित्तं हाय. मग बोटानं एकेक ठिकान चाचपत मागं मागं गेले, बोट लागलं की भोंग्यातनं घुर्र व्हायचं. जिथं बोट लावल्यावर आवाज यायचा थांबला, तिथं घावलं."

"मीटर नव्हता?" मी विचारलं.

"हुता की. पर मॅडम, मिरवनूक उभी हाय, लोकं वराडत्यात. मीटर लावून कागदावर आकडे कवा लिहायचे?"

धनाजी म्हणाला, "आन् शॉक बसला असता म्हंजे?"

"जिथं शॉक बसतो तिथं बोट लावायचं नसतं, येवढं मला कळतं."

वर्गानं धनाजीकडं बघितलं. तो आपल्या वहीत काहीतरी शोधायला लागला.

मी मुलांना शिकवत होते: तक्ता घ्या, अकरा ठिकाणचं व्होल्टेज मोजा, तक्त्याशी ताडून पाहा. बरोबर पद्धत आहे. तिच्यात चाळीस मिनिटं जातात. या मुलीला कोणी न सांगता दुसरी पद्धत सापडली होती आणि तिला चार मिनिटं लागायची. मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं. नुसतं ऐकून ती सांगायची, "ह्यो मधनं मेलाय", "ह्येचा शेवट गेलाय". तीन-चार महिने मी तिच्याशेजारी बसून ते ऐकायला शिकत होते. मला ते कधीच पूर्ण जमलं नाही. मी वीस वर्षं डोळ्यांनी रेडिओ दुरुस्त करत होते, हे मला पन्नाशीकडे जाताना समजलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुण्याकडच्या एका कारखान्याचे लोक शिकाऊ उमेदवार निवडायला आले. बारा जणांची मुलाखत झाली, एकट्या सुजाताला पत्र आलं. पत्रात अट होती, पहिल्या प्रयत्नात पास झालं पाहिजे. नाही तर जागा रद्द, दुसऱ्याला जाणार. तिनं ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला आणलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "तुला काय काळजी?" आणि खरोखरच मला काही काळजी वाटत नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दार लावून बसले. सतरा नंबरचा सेट हातात आला तेव्हा पाच वाजत आले होते आणि मला वाईची गाडी गाठायची होती. आवडता दोष घालायचं ठरवलं. आर-सात नावाचा रेझिस्टर, एका पायाची नळी वर सरकवली, तार तोडली, नळी खाली. सेट चालू केला. गप्प. कागदावर लिहिलं: सेट सतरा, आर-सात, पाय तुटलेला. पाकीट बंद केलं.

परीक्षक सांगलीकडचे होते. लष्कराच्या सिग्नल दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मग तिकडच्या एका संस्थेत निदेशक. ताठ मान, खिशाला तीन पेनं. माणूस कडक, पण कोणाचं वाईट चिंतणारा नव्हता. सकाळी चिठ्ठ्या काढून सेट वाटले. सतरा नंबर सुजाताला गेला.

मी भिंतीशी उभी होते, तिच्या टेबलापासून दोन पावलांवर. निदेशकानं परीक्षेत बोलायचं नसतं, जवळ जायचं नसतं. सगळे तक्ता उघडून मोजायला बसले. सुजातानं सेट चालू केला, स्पीकरपाशी कान नेला, डोळे मिटले. बोट एका ठिकाणी टेकवलं, घुर्र आवाज आला. मागं सरकली, परत घुर्र. आणखी मागं, काहीच नाही. मग तिनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बोर्ड हलकेच दाबला. खर्र झालं. सोडला, थांबलं. दाबला, खर्र. तिनं बोर्ड बाहेर काढून उलटा केला, भिंगातून बराच वेळ पाहिलं, कुठंतरी ब्लेडनं खरवडलं, तारेचा एक तुकडा जोडला. वीस मिनिटं झाली असतील. हॉलमध्ये सांगली केंद्र लागलं. हळदीवरच्या रोगाबद्दल कोणीतरी माहिती देत होतं. तेवीस माना वर झाल्या.

सुभेदारसाहेब खूश होऊन तिच्या टेबलापाशी गेले. कागद पाहिला. सेट पाहिला. चेहरा बदलला.

"आर-सात बदललेला नाही."

"न्हाई सर."

"दोष आर-सातमध्ये आहे."

"आर-सात तुटलाय सर. पर दोष त्येच्यात न्हाई."

"मतलब?"

तिनं बोर्ड त्यांच्यापुढं धरला, आर-सातच्या पायांवरच्या नळ्या नखानं वर सरकवल्या. शांतपणे बोलत होती, घरात कोणाला वाटी कुठं आहे ते सांगावं तशी. "हितं तांब्याच्या रेघंला केसाएवढी चीर हाय. करंट तिथनं म्होरं जात नव्हता, म्हनून सेट बंद. ती जोडली, सेट लागला. आर-सातचं म्हनाल तर त्याचे दोन्ही पाय तुटल्यात. ह्यो पाय काल तुटलाय, तार चमकतीय. ह्यो दुसरा कवाचा तुटलाय, काळा पडलाय. म्हंजे आर-सात आदीच मेलेला हुता. त्याचं काम ह्यो खालचा करतोय." तिनं बोर्डाच्या खालच्या बाजूला नख टेकवलं. तिथं आर-सातच्याच दोन टोकांमध्ये दुसरा एक रेझिस्टर जोडलेला होता. "वरचा कितीबी तोडला तरी ह्येला काय फरक पडनार न्हाई. तुमी ह्यो खालचा काढून बगा सर. सेट बंद पडंल."

सुभेदारसाहेबांनी स्वतः सोल्डरिंग आयर्न घेतलं. खालचा रेझिस्टर काढला. हळदीचा रोग थांबला. परत लावला. परत सुरू.

मी भिंतीशी उभ्या उभ्या सगळा प्रकार जुळवला. आदल्या दिवशी कटर लावताना माझा हात बोर्डावर जोरात टेकला होता. जुना बोर्ड, दरवर्षी तापवून तापवून कडक झालेला. चीर तेव्हा गेली. सेट गप्प झाला तो त्या चिरेमुळं, आणि मला वाटलं माझ्या दोषामुळं. मी मेलेल्याला मारलं होतं आणि वर तसं लिहून लाख लावली होती.

सुभेदारसाहेब चिरेवर समाधानी होते. त्यांना खटकला तो खालचा रेझिस्टर. प्रत्येक सेटची एक दुरुस्ती-वही असते. सेटला कधी कुठला भाग नवा घातला, त्याची नोंद त्यात करायची असते. त्यांनी सतरा नंबरची वही उघडली, पानं उलटली.

"इसमें कुछ नहीं. हा पार्ट नोंदीत नाही. नोंदीत नाही तो बाहेरचा. आणि परीक्षेत बाहेरचा पार्ट म्हणजे काय होतं, माहीत आहे ना?"

ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कॉपी. परीक्षा रद्द, वर नाव कळवलं जातं.

"मी लावला न्हाई सर."

"मग कोणी लावला?"

सुजातानं बोर्डाकडे पाहिलं. खालचा जोड पुन्हा नीट पाहिला. मग म्हणाली, "मला न्हाई सांगता येनार सर."

आता माझं सांगते. तो रेझिस्टर मी लावला होता. तीन वर्षांपूर्वी, परीक्षा झाल्यावर, सगळे सेट पूर्ववत करायचे होते आणि घाई होती. वरचा तुटलेला काढून टाकण्याऐवजी मी खालून नवा जोडून टाकला आणि नोंद राहून गेली. पाहताक्षणी मी ओळखला. तारेचं टोक जोडाच्या आधी आत वळवून घ्यायची मला सवय आहे, माझ्या पहिल्या सरांची शिकवण. दुसरं कोणी तसं करत नाही.

ओळखल्यावर मी लगेच बोलले का? नाही. त्या वर्षी गटनिदेशकाच्या बढतीच्या यादीत माझं नाव वर होतं. परीक्षेचा सेट सदोष, दोषपत्रक चुकीचं, वहीत नोंद नाही, असे तीन शेरे परीक्षकाच्या अहवालात गेले की ते नाव कुठं जाणार, हे मला कळत होतं. मी स्वतःशी म्हटलं, मुलगी हुशार आहे, आपलं आपण पटवून देईल. मी म्हटलं, परीक्षेत निदेशकानं बोलायचं नसतं, तसा नियमच आहे. म्हणजे "अभ्यासक्रमात नाही"चाच प्रकार. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. सुभेदारसाहेबांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, कॉपीचा छापील फॉर्म पुढं ओढला, तिचा बैठक क्रमांक विचारला आणि तिनं तो सांगितला, एवढा वेळ गेला. तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

"सर," मी म्हटलं, "तो मी लावलाय."

"काय?"

"खालचा रेझिस्टर. तीन वर्षांपूर्वी. नोंद केली नाही. आणि कालचा दोषही मी न तपासता लिहिला. तिचं सगळं बरोबर आहे. कागद चुकीचा आहे."

सुभेदारसाहेबांनी लाल पेनचं टोपण लावलं. दुसरं, निळं पेन काढलं. मला म्हणाले, "मॅडम, मला हे अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

"हमारे यहाँ भी होता है," हे मात्र त्यांनी हळू आवाजात म्हटलं. मग सुजाताकडे वळले. "तू दोष शोधलास तो कागदावर नव्हता. मग गुण कशाचे देऊ?"

"सेट वाजतोय सर," ती म्हणाली.

त्यांनी पंचवीसपैकी पंचवीस दिले. अहवालात तिन्ही शेरेही लिहिले, माझ्यादेखत, सुवाच्य अक्षरात. मला गटनिदेशकपद चार वर्षं उशिरा मिळालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हिशेब बरोबर होता.

दुपारी परीक्षा संपली. मुलं पांगली. मी सतरा नंबरचा बोर्ड हातात घेऊन खिडकीपाशी उभी होते, तर सुजाता दप्तर घेऊन आली. आभार मानेल असं वाटलं होतं. तिनं मानले नाहीत, आणि मानण्यासारखं काही नव्हतंही.

"मॅडम, तुमचा जोड मी आदीच वळखला हुता."

"कधी?"

"बोर्ड उलटा केला तवाच. टोक आत वळीवल्यालं. तुमी एकट्याच तसं करता."

"मग सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी हुता की तिथं," ती म्हणाली.

मी बोर्ड खाली ठेवला. विचारलं, "आणि मी बोललेच नसते तर?"

तिनं विचार केला. राग नव्हता, नाटक नव्हतं. एखाद्या सेटला कान लावल्यावर असायचा तसाच चेहरा.

"तर सरांना दुसरा सेट मागितला असता. म्हनलं असतं, ह्योच खालचा जोड तिथंबी दावते. म्हंजे त्यांना पटलं असतं की मी लावला न्हाई."

"दुसऱ्या सेटमध्ये कशावरून असणार?"

"सगळ्यात हायत मॅडम," सुजाता म्हणाली. "दोन वर्षं तेच तर उघडतोय आमी."

पुढच्या आठवड्यात ती पुण्याला गेली. मी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं आणि चोवीसही सेट एकेक करून उलटे केले. एकोणीस सेटांमध्ये माझे जोड निघाले.